आकडेमोडीआधीचे प्रश्न

संशोधनासंबंधीच्या शंका पाठवाव्यात, असे आवाहन मागील अंकात केल्यानंतर सोलापूर शहरातून, बार्शी-मोहोळकडून आणि एक मंगळवेढ्याहून अशी पत्रे आली. विषय निरनिराळे असले, तरी बहुतेक पत्रांत एक वाक्य जवळजवळ जसेच्या तसे होते: ‘डाटा गोळा करून झाला आहे, आता कोणती टेस्ट लावू?’ या वाक्यातल्या ‘आता’ या शब्दापाशीच मी अडतो. कोणाला, किती वेळा आणि कोणत्या मापनश्रेणीवर प्रश्न विचारायचे हे ज्या दिवशी आपण ठरवतो, त्याच दिवशी कोणती सांख्यिकीय चाचणी लागू होईल हेही बहुतांशी ठरून जाते. संगणकापुढे बसेपर्यंत निवडीला फारसा वाव उरलेला नसतो. म्हणून खालील उत्तरांत चाचणीच्या नावापेक्षा माहिती कशी गोळा झाली याचीच चौकशी मी अधिक केली आहे.

प्रश्न : मी बारावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या ताणाची प्रश्नावली दिली, तीन आठवडे श्वसनाचे व शिथिलीकरणाचे सराव घेतले आणि पुन्हा तीच प्रश्नावली दिली. पैसे घेऊन डाटा अ‍ॅनालिसिस करून देणाऱ्या एका गृहस्थांनी टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक तपासणारी) लावून फरक सार्थ, म्हणजे योगायोगापलीकडचा, नसल्याचे सांगितले. सरासरी तर कमी झालेली दिसते. निष्कर्षात काय लिहावे? (एम.ए. भाग दोनची विद्यार्थिनी, होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर : आपण पाठवलेल्या तक्त्यातील पहिल्या आठ विद्यार्थ्यांचे गुण मी कागदावर मांडून पाहिले. सरावापूर्वीचे गुण २८, ३५, २२, ३१, ४०, २६, ३३ आणि २५ असून त्यांची सरासरी ३० येते. सरावानंतरचे गुण त्याच क्रमाने २५, ३३, २०, २७, ३६, २५, २९ आणि २१ असून सरासरी २७ येते. आपल्याला करून मिळालेली चाचणी स्वतंत्र गटांसाठीची आहे. म्हणजे आधीचे आठ गुण एका गटाचे आणि नंतरचे आठ गुण दुसऱ्याच आठ मुलांचे, असे संगणकाला सांगितले गेले. त्या हिशेबाने टीचे मूल्य १.०५ येते आणि १४ स्वाधीनता मात्रांना (नमुन्याच्या संख्येवरून ठरणारा आकडा) ०.०५ पातळीवर, म्हणजे मुळात फरक नसताना पाच टक्क्यांपर्यंतच चूक चालवून घेणाऱ्या रेषेवर, लागणाऱ्या २.१४५ च्या ते निम्म्यावरही पोहोचत नाही. प्रत्यक्षात मुले तीच आहेत. प्रत्येकाच्या आधीच्या गुणांतून नंतरचे गुण वजा केले, तर ३, २, २, ४, ४, १, ४, ४ असे फरक मिळतात. या फरकांची सरासरी ३ आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, अवघे १.२० आहे. जोडीच्या टी-चाचणीने मूल्य ७.१० येते, आणि ७ स्वाधीनता मात्रांना २.३६५ पुरेसे असते.

हे असे का होते, ते तक्त्यावर बोट ठेवून पाहावे. पाचव्या मुलाचे आधीचे गुण ४० आहेत आणि तिसऱ्याचे २२. या अठरा गुणांच्या अंतरात स्वभाव आला, घरचे वातावरण आले, अभ्यासाची तयारी आली. आपल्या सरावाशी त्याचा काही संबंध नाही. स्वतंत्र गटांच्या चाचणीत मुलामुलांमधले हे सगळे अंतर भागाकाराच्या छेदात जाऊन बसते आणि तीन गुणांची घट त्याखाली दबून जाते. जोडीच्या चाचणीत प्रत्येक मूल स्वतःशीच ताडले जात असल्यामुळे ते अंतर हिशेबातून निघून जाते. टी-चाचणी ज्यांनी दिली ते विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होते. १९०८ साली त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या लेखातही दहा रुग्णांना दोन औषधांनी किती जादा झोप लागली, याचे जोडीनेच तपासलेले उदाहरण आहे.

मात्र फरक सार्थ ठरला, म्हणून ‘सरावामुळे ताण कमी झाला’ असे आपल्याला लिहिता येणार नाही. त्या तीन आठवड्यांत सराव परीक्षा संपली असेल, दुसऱ्या वेळी प्रश्नावली ओळखीची झाली असेल, आणि मुळात जास्त ताण असलेली मुलेच निवडली असतील तर टोकाचे गुण दुसऱ्या मापनात आपोआप थोडे सरासरीकडे सरकतातच. ‘सरावाच्या काळात ताणाच्या गुणांत घट झाली’ एवढेच विधान आपल्या माहितीला पेलते. पुढच्या वेळी सराव न दिलेला नियंत्रित गट घ्यावा आणि दोन गटांतील बदलांची थेट तुलना करावी, किंवा आधीचे गुण सहचल म्हणून धरून सहप्रचरण विश्लेषण (आधीच्या गुणांतला फरक हिशेबातून काढून गट ताडणारी पद्धत) करावे. ‘प्रायोगिक गटात फरक सार्थ आला, नियंत्रित गटात आला नाही, म्हणून सराव परिणामकारक’ असा युक्तिवाद प्रबंधिकांत सर्रास दिसतो, पण तो टिकत नाही. एका गटात पी-मूल्य (मुळात फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०४ आणि दुसऱ्यात ०.०७ आले, तर त्या दोन गटांत परस्पर फरक असल्याचे त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना. नाव लिहायचे नाही असे सांगून प्रश्नावली वाटली आणि खूणही घेतली नाही, तर दोन वेळचे कागद जुळवता येत नाहीत आणि जोडीची चाचणी कायमची हातची जाते. आईच्या नावाचे पहिले अक्षर आणि स्वतःची जन्मतारीख, एवढी खूण दोन्ही वेळा कोपऱ्यात लिहून घेतली, तरी बहुतेक वर्गांत काम भागते.

प्रश्न : ‘गरज पडल्यास समुपदेशकाकडे जाल का?’ हा प्रश्न मी २५ शिक्षिका आणि २५ शिक्षकांना विचारला. ६० टक्के शिक्षिकांनी आणि ४० टक्के शिक्षकांनी होकार दिला. काय-वर्गाचे (काय-स्क्वेअर, मोजणीतला फरक तपासणारी चाचणी) मूल्य ८ आले, म्हणजे फरक सार्थ आहे. मार्गदर्शक मात्र ‘पुन्हा तपासा’ एवढेच म्हणतात. चूक कुठे आहे? (माध्यमिक शिक्षक, बार्शी)

उत्तर : चूक ‘टक्के’ या शब्दात आहे. काय-वर्ग चाचणी, जी कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडली, ती माणसे मोजते. तिच्या चौकटींत टक्केवारी भरायची नसते. आपण ६०, ४०, ४० आणि ६० असे आकडे भरले, तेव्हा चाचणीने समजून घेतले की आपण दोनशे लोकांना विचारले आहे. आपल्याकडे आहेत पन्नास. प्रत्यक्ष वारंवारता, म्हणजे माणसांची संख्या, १५, १० आणि १०, १५ अशा भरल्या की काय-वर्गाचे मूल्य २ येते, आणि १ स्वाधीनता मात्रेला ०.०५ पातळीवर ३.८४ लागते. नमुना कागदावर चौपट झाला, म्हणून मूल्यही चौपट झाले. ही चूक मला चटकन ओळखता आली, याचे कारण काही फार अभिमानाचे नाही: माझ्याच प्रबंधिकेच्या कच्च्या प्रतीत असे तीन तक्ते होते आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते बदलावे लागले.

या चाचणीत एक व्यक्ती एकाच चौकटीत मोजली गेली पाहिजे. त्याच शिक्षकांना कार्यशाळेच्या आधी आणि नंतर विचारून होकार-नकार मोजणार असाल, तर मॅकनेमार चाचणी घ्यावी. अपेक्षित वारंवारता (गटांत फरक नसता तर त्या चौकटीत आली असती ती संख्या) पाचाच्या खाली जाऊ लागली, तर फिशर यांची अचूक चाचणी अधिक सुरक्षित. येथे पाहायची ती अपेक्षित वारंवारता. प्रत्यक्ष चौकटीत तीन माणसे दिसली म्हणून लगेच घाबरून जाऊ नये.

प्रश्न : पीएच.डी.साठी मी शहराच्या पूर्व भागातील विडी वळणाऱ्या, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या अशा तीन गटांतील प्रत्येकी १०० महिलांना मानसिक स्वास्थ्याची मापिका दिली. मापिकेत १२ उपघटक आहेत. प्रत्येक उपघटकावर दोन-दोन गटांची टी-चाचणी केली असता चार फरक सार्थ आले. यावर प्रकरण लिहावे का? (संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : तीन गटांच्या तीन जोड्या आणि बारा उपघटक, म्हणजे आपण ३६ चाचण्या केल्या. ०.०५ ही पातळी धरल्यावर, मुळात कोठेही फरक नसताना देखील छत्तीसांपैकी सरासरी १.८ चाचण्या सार्थ येतात. आणि या चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरले, तर निदान एक तरी खोटा फरक हाती लागण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के होते. आपल्या चार फरकांतले कोणते खरे आणि कोणते योगायोगाचे, हे या कागदावरून कोणालाही सांगता येणार नाही. प्रस्तावात कोणत्या उपघटकांविषयी परिकल्पना (तपासायची विधाने) मांडल्या होत्या, ते आधी पाहावे, तेवढ्यांसाठी एकमार्गी प्रचरण विश्लेषण (तिन्ही गटांच्या सरासरी एकदम ताडणारी चाचणी) करावे, आणि त्यातले एफचे मूल्य सार्थ आल्यास जोड्यांच्या तुलनेसाठी, अनेक तुलनांची भरपाई करणारी, ट्युकी यांची पद्धत वापरावी. उरलेले उपघटक ‘शोधक स्वरूपाचे’ असे स्पष्ट लिहून वेगळ्या तक्त्यात द्यावेत.

पण आपल्या पत्रात याहून अवघड गोष्ट एका ओळीत येऊन गेली आहे. तीनशे महिला आपल्याला दहा ठिकाणी भेटल्या: काही विड्या जमा करण्याच्या जागी, काही कारखान्यांत जेवणाच्या सुट्टीत आणि काही वस्तीतल्या समाजमंदिरात, प्रत्येक ठिकाणी तीस. टी-चाचणी असो वा प्रचरण विश्लेषण, दोन्हींचे पहिले गृहीत असे आहे की एकीचे उत्तर दुसरीच्या उत्तराशी बांधलेले नाही. एका कारखान्यात पगार थकला, की तिथल्या तिसांचाही ताण एकदम वाढतो; एका ठिकाणी हजार विड्यांमागची मजुरी चोख मिळत असेल, तर तिथल्या सगळ्यांची उत्तरे थोडी निवांत येतात. हे साम्य मोजण्यासाठी गटांतर्गत सहसंबंध काढतात. समजा तो ०.१ इतका लहान निघाला. तरी प्रत्येक ठिकाणच्या संख्येतून एक वजा करायचा, त्याला ०.१ ने गुणायचे आणि एक मिळवायचा, या हिशेबाने २९ गुणिले ०.१ अधिक १, म्हणजे ३.९ येतात, आणि ३०० ला ३.९ ने भागले की ७७ उरतात. आपल्या तीनशे महिला माहितीच्या दृष्टीने सुमारे सत्त्याहत्तर स्वतंत्र महिलांइतक्याच भरतात, आणि संगणक मात्र तीनशे धरूनच पी-मूल्य छापतो. यासाठी ठिकाण हा स्तर धरणारे बहुस्तरीय प्रतिमान वापरावे लागेल. दहा ठिकाणे त्याला कमीच आहेत, तेव्हा शक्य असेल तर प्रत्येक ठिकाणच्या महिला कमी करून ठिकाणे वाढवावीत. तीस ठिकाणी दहा-दहा महिला भेटल्या, तर त्याच हिशेबाने तीनशेतून सुमारे १५८ महिलांइतकी माहिती हाती येते.

भाषेविषयी आपण काहीच लिहिलेले नाही, आणि सोलापुरात तो प्रश्न टाळता येत नाही. विडी वळणाऱ्या महिलांत घरी तेलुगू बोलणाऱ्या मोठ्या संख्येने आहेत. मापिका मराठी असेल आणि सोबतच्या मुलीने ती जागच्या जागी तेलुगूत सांगितली असेल, तर ‘उदास वाटते’ आणि ‘कंटाळा येतो’ यांतला फरक तिच्या तोंडी कसा उतरला, हे आपल्यालाही ठाऊक नाही. एकाने तेलुगूत भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मराठीत आणावे, दोन मराठी प्रती शेजारी ठेवून तपासाव्यात आणि तेलुगू प्रतीची विश्वसनीयता स्वतंत्रपणे काढावी. विडी गट बहुतांशी तेलुगूभाषक आणि घरकामाचा गट बहुतांशी मराठीभाषक असा योग आपल्या नमुन्यात जुळून आला असेल, तर फरक व्यवसायाचा की प्रश्नावलीच्या भाषेचा, हे कोणतीही चाचणी वेगळे करून देऊ शकत नाही. प्रकरण लिहिण्याआधी प्रत्येक गटात किती महिलांना कोणत्या भाषेत प्रश्न विचारले, ते मोजून पाहावे.

प्रश्न : माझा नमुना २८० चा आहे. शापिरो-विल्क चाचणी सार्थ आली, म्हणजे वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) नाही. शिवाय लिकर्ट मापिका (सहमत-असहमत धर्तीची) क्रमवाचक, म्हणजे अंतर नव्हे तर नुसता क्रम सांगणारी, असते असे ऐकतो. मग अप्राचलीय (वितरणाचा आकार गृहीत न धरणाऱ्या) चाचण्याच घ्याव्या लागतील का? (महाविद्यालयीन समुपदेशक, मोहोळ)

उत्तर : बहुधा नाही. २८० च्या नमुन्यात शापिरो-विल्क चाचणी इतकी बारीक होते, की आलेखात डोळ्यांना दिसणारही नाही असा कलही ती पकडते. उलट बारा जणांच्या नमुन्यात मोठा दोष असूनही ती गप्प बसू शकते. जिथे खरी काळजी करायची तिथे ती उपयोगी पडत नाही. एवढ्या मोठ्या नमुन्यात सरासरींचे वितरण बरेच सुरळीत होत असल्यामुळे टी-चाचणी चालते, आणि दोन गटांचे प्रचरण (गुणांचा पसारा) असमान असेल तर वेल्च यांची सुधारित टी-चाचणी घ्यावी. मी तर ती नेहमीच घ्यावी या मताचा आहे. आयतालेख (हिस्टोग्राम) मात्र जरूर काढावा. निम्म्या लोकांना शून्य गुण असतील, तर तो आलेखातच दिसेल.

लिकर्ट यांनी १९३२ साली दिलेल्या पद्धतीत अनेक विधानांच्या गुणांची बेरीज अभिप्रेत आहे. ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ असे एकच विधान क्रमवाचक मानून मान-व्हिटनी ही क्रमांवर आधारलेली चाचणी घेणे योग्य. वीस विधानांची बेरीज समान अंतरांच्या (इंटर्व्हल) श्रेणीसारखी वापरण्याचा प्रघात आहे आणि तो वाजवी आहे. मान-व्हिटनी ही मध्यांकांचीच तुलना करते, असे वाक्य तेवढे लिहू नये. दोन वितरणांचे आकार सारखे असतील तरच ते खरे ठरते.

प्रश्न : दोन गटांत प्रत्येकी २० जण आहेत. टी १.९४ आणि पी-मूल्य ०.०६ आले. अगदी थोडक्यात हुकले. प्रत्येक गटात आणखी दहा जण घेतले तर चालेल का? (एम.ए. विद्यार्थी, मंगळवेढा)

उत्तर : निकाल पाहून मग नमुना वाढवणे चालणार नाही. सार्थ आले की थांबायचे आणि न आले की आणखी दहा घ्यायचे, असे केल्यास चुकीचा निष्कर्ष निघण्याची शक्यता पाच टक्क्यांवर राहत नाही, आणि कागदावर मात्र ०.०५ च छापले जाते. आपल्या आकड्यांवरून कोहेन यांचा डी (दोन सरासरींतले अंतर प्रमाण विचलनाच्या पटीत) सुमारे ०.६१ येतो, म्हणजे मध्यमाहून थोडा मोठा परिणाम. पण त्याची ९५ टक्के विश्वास मर्यादा (खरा परिणाम कोणत्या पल्ल्यात असावा याचा अंदाज) साधारण उणे ०.०२ ते १.२५ अशी पसरलेली आहे. हाच आपला निष्कर्ष: परिणाम नगण्यही असू शकतो, खूप मोठाही असू शकतो, आणि चाळीस जणांच्या आधारे याहून नेमके सांगता येत नाही. हे असेच लिहावे. परीक्षक नाराज होतील, ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते.

नमुना किती हवा, हे सुरुवातीलाच काढायचे असते. डी ०.५ इतका परिणाम ८० टक्के शक्तीने, म्हणजे तो खरा असल्यास हाती लागण्याची शक्यता ८० टक्के ठेवून, पकडायचा, तर ०.०५ पातळीवर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. २० जणांत तोच परिणाम साधारण तीन वेळांतून एकदाच हाती लागतो. जी-पॉवर हे विनामूल्य सॉफ्टवेअर हा हिशेब काही मिनिटांत करून देते. ०.०५ ही रेषा रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या सुमारास सोयीची म्हणून रूढ केली, तिला निसर्गनियमाचे स्थान नाही. आणि पी-मूल्य म्हणजे परिकल्पना खरी असण्याची शक्यता नव्हे, हे अमेरिकन सांख्यिकी संघटनेला २०१६ साली निवेदन काढून सांगावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली होती: मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थ होता, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांत. लहान नमुने आणि सार्थ निकालच छापण्याची सवय यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो.

प्रश्न : माझ्या आत्मसन्मान मापिकेचा क्रॉनबाख आल्फा (विधाने एकमेकांशी कितपत जुळतात ते सांगणारा आकडा) ०.३१ आला. मापिका टाकून द्यावी का? सोबत एक्सेलची प्रत जोडली आहे. (बी.एड. प्रशिक्षणार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : अद्याप नाही. आपल्या प्रतीतील ३, ५, ८ आणि ९ या क्रमांकांची विधाने ‘मी निरुपयोगी आहे असे मला वाटते’ या धर्तीची, म्हणजे नकारार्थी आहेत, आणि त्यांचे गुण आपण सरळच भरले आहेत. स्वतःला निरुपयोगी समजणाऱ्या मुलाला त्यामुळे आत्मसन्मानाचे ५ गुण मिळत आहेत, आणि विधाने एकमेकांविरुद्ध ओढत असल्यामुळे आल्फा खाली आला आहे. या चार रकान्यांतील प्रत्येक आकडा ६ मधून वजा करावा, म्हणजे ५ चा १ आणि ४ चा २ होईल. ३ तसाच राहील. मूळ रकाने पुसू नयेत, शेजारी नवे करावेत. मग आल्फा पुन्हा काढून किती आला ते कळवावे. टी-चाचणीचे तोवर राहू द्यावे.